सहा ठिपक्यांचा चेहरा

मिरज-पंढरपूर रस्त्यानं नागजच्या पुढे गेलं की दोन्ही बाजूंना हिरव्या जाळीच्या बेदाणा शेड सुरू होतात. हवा कोरडी, वारा भरपूर, त्यामुळे तासगावकडची द्राक्षंसुद्धा सुकायला इकडे येतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. रॅकवर असेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. तो झाडून, निवडून क्रेटमध्ये भरला आणि कोल्ड स्टोरेजला जायची गाडी सकाळवर गेली, की ती मधली रात्र धोक्याची. शेडवाल्या अण्णांचा माल अशाच रात्री चोरीला गेला.

मी सीसीटीव्ही बसवायचं काम करतो. हंगामाच्या आधी अण्णांनी माझ्याकडून कॅमेऱ्यांचं कोटेशन घेतलं होतं. गेटला लांब पल्ल्याची लेन्स, मागच्या बाजूला चांगल्या तांब्याची केबल, डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याला, यूपीएस असं सगळं मी लिहून दिलं होतं. त्यांनी पॅकेज घेतलं. चार कॅमेरे, डीव्हीआर, केबल, फिटिंग, सगळं एका आकड्यात. यात त्यांचं एकट्याचं चुकत नाही. गिऱ्हाईक कॅमेरे मोजतं, कारण मोजता येण्यासारखी गोष्ट तेवढीच असते. 'आठ कॅमेरे हाईत' असं सांगणारे मला रोज भेटतात. कुठली लेन्स आहे, हे सांगणारा अजून भेटायचाय.

चोरीनंतर फोन आला तो 'झूम करायला या' असा.

मी पोचलो तेव्हा ऑफिसच्या खोलीत टीव्हीसमोर गर्दी होती. हवालदार, अण्णा, पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा त्यांचा पुतण्या, शेजारचे दोन-तीन बागायतदार. राखण करणारे मामा बाहेर ओट्यावर बसले होते, त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. पडद्यावर एक माणूस पिकअपच्या मागं उभा होता. डोक्याला टॉवेल, अंगात फुल शर्ट. अण्णा म्हणाले, "ह्यो बघा. मामाच हाय. ठेवण बघा की." शेजारच्यानं मान डोलावली. हवालदारांनी मला खुर्ची दिली. "करा झूम."

आता हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं घोडं इथंच अडलंय. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, म्हणजे चित्रात आडवे १९२० ठिपके. लेन्स ३.६ मिमी, तिला साधारण ८० अंशांचं दिसतं. माणूस उभा होता तिथपर्यंत मी टेप धरली, १४ मीटर भरलं. १४ मीटरवर ही लेन्स साडेतेवीस मीटर रुंदीचं दृश्य पकडते. १९२० ठिपके साडेतेवीस मीटरला वाटले की मीटरला ऐंशी-ब्याऐंशी येतात. माणसाचा चेहरा पंधरा सेंटिमीटर रुंद धरला तर बारा ठिपके. बारा तरी असते! डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये गेलो तर रेकॉर्डिंग '१०८० लाइट'वर. स्वस्तातले डीव्हीआर सगळे कॅमेरे चालवायचे म्हणून असंच रेकॉर्ड करतात, १९२० च्या जागी आडवे ९६०. लाइव्ह बघताना चित्र झकास दिसतं, डिस्कवर मात्र निम्मंच उतरतं. बारातले सहा राहिले. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत सहा ठिपके.

अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर मीटरला २५० ठिपके हवेत, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि इथं कुणीतरी उभं आहे एवढंच कळायला २५. आयईसी ६२६७६-४ या मानकातून आमच्या धंद्यात रूढ झालेला हा हिशेब आहे. अण्णांच्या फुटेजमध्ये मीटरला एक्केचाळीस होते. म्हणजे कुणीतरी उभं आहे हे नक्की. त्यापुढचं सगळं बघणारा आपल्या मनातून घालत होता.

पिकअपची नंबर प्लेट पांढरी फट्ट. नव्या प्लेटवर प्रकाश उलटा फिरवणारा थर असतो, त्यावर कॅमेऱ्याचा आयआर, म्हणजे रात्री बघायला तो सोडतो तो इन्फ्रारेड उजेड, पडला की अक्षरं पुसली जातात. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर आणून आत येणारा उजेड कमी केला असता तर नंबर वाचता आला असता, पण मग त्याच कॅमेऱ्यात बाकी काळोख. म्हणून गेटला दोन कॅमेरे लागतात, एक नंबराला आणि एक माणसाला. कोटेशनमध्ये लिहिलं होतं, असो.

हवालदारांनी दुसरा मुद्दा काढला. मागच्या बाजूचा तीन नंबरचा कॅमेरा त्या रात्री बंद होता. "आतल्या माणसाशिवाय कोण बंद करणार?" पुन्हा सगळ्यांची नजर ओट्याकडे. मी काही न बोलता त्याच्या आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंग लावलं. तीन नंबर अंधार पडताच गेला. त्याच्या आदल्या रात्री, तसंच. डिस्कवर जेवढ्या रात्री शिल्लक होत्या त्या सगळ्या पालथ्या घातल्या. दिवस मावळला की कॅमेरा जातो, उजाडलं की येतो. सकाळी सगळे टीव्ही बघतात तेव्हा चारही चालू, म्हणून कुणाच्या लक्षात यायचं कारणच नाही.

हा आजार मी झोपेतही ओळखतो. सत्तर मीटर थ्री प्लस वन केबल, म्हणजे चित्र आणि वीज एकाच केबलीतून, ती पण तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. कॅमेऱ्यांना वीज देणारा एसएमपीएस बारा व्होल्ट सोडतो. दिवसा कॅमेऱ्यापाशी व्होल्ट मोजायचा मीटर लावला तर दहाच्या आसपास. हातानं सेन्सर झाकून आयआर लावला, कॅमेऱ्यानं जास्त करंट ओढला, मीटर आठच्याही खाली आला आणि कॅमेरा मेला. हात काढला, परत जिवंत. हवालदारांना तिथं नेऊन, शिडीखाली उभं करून हे दाखवलं. भला माणूस, त्यानं खाली वाकून आकडा वाचला आणि डायरीत लिहिला. मामांवरचं एक बालंट गेलं, याचं मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

तोवर पुतण्यानं मोबाइलमधल्या एका एआय ॲपवर तो सहा ठिपक्यांचा चेहरा घातला होता. चेहरा स्वच्छ होऊन आला. भुवया, मिशी, गालावरच्या सुरकुत्या. खोलीत एकच गलका, "मामाच की हो!" मी सांगून बघितलं की ॲपला यातलं काहीच दिसलेलं नाही, त्यानं लाखो चेहरे बघितलेत, त्यांवरून एक रचून दिलाय. कुणी ऐकेना. एवढा स्पष्ट फोटो समोर असताना माझं कोण ऐकणार?

मग रात्रीपर्यंत थांबलो. त्याच जागी, त्याच कॅमेऱ्यासमोर, डोक्याला टॉवेल बांधून मी उभा राहिलो. ते फुटेज काढून पुतण्याला दिलं, त्याच ॲपमध्ये घाल म्हटलं. मी चष्मा लावतो, दाढी-मिशी काही नाही, पन्नाशी जवळ आलीय. ॲपमधून तिशीतला एक दाढीवाला गडी बाहेर आला, बिनचष्म्याचा, चांगला देखणा. शेजारचे बागायतदार हसून म्हणाले, "ह्यो तर आमच्या साडूचा पोरगा!" पुतण्या गप्प झाला. पोरगं हुशार आहे, त्याला पटलं. अण्णा बराच वेळ दोन्ही फोटो बघत राहिले आणि म्हणाले, "ते खरं असंल. पण मामाचा फोटो मामावाणीच आलाय का न्हाई?"

यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तोवर तो फोटो गावच्या ग्रुपवर गेलेला होता.

इथवर असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पुढं घड्याळ आलं.

हार्ड डिस्क पंचनाम्यात जाणार होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात तो भरतो, दुसरा तज्ज्ञ, आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, नोंदवावी लागते. आधीच्या पुरावा कायद्यात हेच कलम ६५-ब होतं. त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १४ जुलै २०२० चा मोठा निकाल आपल्याच जालन्याचा, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, आणि तो वादही निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावरूनच होता. तज्ज्ञाचा भाग पोलीस बघणार होते, मी तांत्रिक टिपण द्यायचं ठरलं. टिपणात मी पहिली गोष्ट लिहितो ती घड्याळाची. डीव्हीआरला नेट नव्हतं, यूपीएस नव्हता, आतला सेल गेलेला. माझ्या मोबाइलशी ताडलं तर घड्याळ ३८ मिनिटं पुढं.

आजचा फरक चोरीच्या रात्रीही तेवढाच होता कशावरून? अण्णांनी सकाळी गेटपाशी उभं राहून पोलिसांना फोन लावला होता, तो फुटेजमध्ये दिसतो. मोबाइलच्या नोंदीत कॉल ६ वाजून ५ मिनिटांचा, फुटेजमध्ये ६ वाजून ४३. तेच ३८. हा पुरावा शोधल्यावर मी स्वतःवर खूश झालो होतो. मग हिशेब मांडला.

मामांचा जबाब असा होता: दोनच्या सुमाराला थ्री फेज लाइट आली, मोटर चालू करायला विहिरीवर गेलो, परत येईतो माल गेला होता. आमच्याकडे शेतीची लाइट पाळीनं असते, एका आठवड्यात रात्री, दुसऱ्यात दिवसा. तेव्हा रात्रपाळी होती, त्यामुळे जबाबात काही खोट नव्हती. फुटेजवर पिकअप २ वाजून १२ मिनिटांनी येते, म्हणजे मामा विहिरीवर असतानाच. ३८ मिनिटं वजा केली की ती येते १ वाजून ३४ मिनिटांनी. तेव्हा मामा त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे शेडवर होते.

झोपले असतील. सत्तरीच्या माणसाला रात्रभर जागायला लावून महिन्याला किती देतात, ते अण्णांना विचारा. किंवा लाइट लवकर आली असेल आणि 'दोनच्या सुमाराला' हा नुसता अंदाज असेल. ते घड्याळ वापरत नाहीत. किंवा अण्णांचं खरं असेल. यातलं काहीही चारातल्या एकाही कॅमेऱ्यात नाही.

टिपण तयार होण्याआधी अण्णांनी जास्तीचे पैसे देऊ केले होते, फोटोबद्दल काही लिहू नका म्हणून. घड्याळाचं कळल्यावर ते म्हणाले, हे मात्र ठळक लिहा. मी दोन्ही लिहिलं, सारख्याच अक्षरात.

पुढे नवं काम मलाच मिळालं. गेटवर १२ मिमीची लेन्स, डोक्याच्या थोड्याच वर, कारण खांबाच्या टोकावरून टोप्या आणि टॉवेलच दिसतात. नंबराला वेगळा कॅमेरा. सगळीकडे नेटवर्क केबलमधूनच वीज, रेकॉर्डर कुलपात, घड्याळ ४जी राउटरवरून आपोआप जुळणारं. आयआरच्या उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळं विणतात आणि मग पडद्यावर रात्रभर नुसती पांढरी दोरी हलते. म्हणून आठवड्याला काच पुसायची, हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय. कुणी पुसत नाही.

मामांना कामावरून काढलं. गुन्हा त्यांच्यावर दाखल नाही, पिकअप सापडलेली नाही. त्यांचा मुलगा कवठेमहांकाळच्या स्टँडवर भेटला. "तुम्ही बापाच्या बाजूनं बोलला म्हणून ऐकलं होतं. मग टायमाचं कशाला लिवलं?" फोनच्या नोंदीचं वगैरे सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि गाडी लागली म्हणून गेला. मी घड्याळ ताडलं नसतं तर कुणीच ताडलं नसतं, हे त्याला कळलं असणार.

त्या रात्री लाइट नक्की किती वाजता आली, हे सबस्टेशनच्या नोंदवहीत असणार. दीडच्या आधी आली असेल तर मामांचा जबाब अजूनही बसतो. हे हवालदारांना मी फोन करून सांगितलंय. परवा पुन्हा विचारलं, नोंद मागवली का? ते म्हणाले, "तुमचं काम कॅमेऱ्याचं ना?"