ला रिंकोनाडा: ५,१०० मीटरवरचं सोन्याचं गाव

पेरूच्या पुनो भागातलं हे गाव कळसूबाईच्या तिपटीहून उंच आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. म्हणून विमानाने हुलियाकाला (सुमारे ३,८०० मीटर) उतरलात की त्याच दिवशी वर जाऊ नका. तिथे किंवा पुनो शहरात दोन-तीन दिवस काढा, मग पहाटेची कोंबी, म्हणजे तिकडची वडाप, पकडा. मुक्कामाला मात्र खालीच या, कारण झोपेत रक्तातला ऑक्सिजन आणखी घसरतो. डोकेदुखीबरोबर चालताना तोल जायला लागला, तर गोळ्या घेत बसायचं नाही, थेट खाली उतरायचं.

गाव म्हणजे डोंगरउतारावर दाटलेली पत्र्याची घरं. गटारं नाहीत, सांडपाणी रस्त्यातूनच वाहतं. पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळी-कडधान्यं शिजवायची तर प्रेशर कुकर लागतोच.

मला इथली सर्वांत चक्रावणारी गोष्ट वाटली ती मजुरीची. या पद्धतीला ‘काचोर्रेओ’ म्हणतात. महिनाभर बिनपगारी खाणकाम करायचं आणि मग ठरलेल्या एखाद्या दिवशी स्वतःसाठी दगड काढून न्यायचा. दगडात सोनं निघालं तर कमाई, नाहीतर महिना फुकट. ‘नशीब’ वगैरे ठीक आहे, पण जोखीम सगळी मजुराचीच. बायका बोगद्यात गेल्या तर अपशकुन होतो, अशी समजूत आहे. म्हणून त्या बाहेर, टाकून दिलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यात हातोडी घेऊन सोनं शोधतात. त्यांना ‘पाल्याकेरा’ म्हणतात.

दगड दळायला ‘किंबालेते’ वापरतात. खालच्या दगडावर गोल बुडाचा जड धोंडा, त्यावर आडवी फळी. फळीवर उभं राहून ती सीसॉसारखी डोलवायची. खाली दगडाचा चुरा, पाणी आणि पारा. पारा सोन्याचे कण धरतो, पण जास्त दळलं की त्याचेच बारीक थेंब होऊन गाळाबरोबर वाहून जातात आणि थोडं सोनंही घेऊन जातात. उरलेला पारा फडक्यातून पिळायचा. हातात राहतो चंदेरी गोळा, वजनाने साधारण निम्मा सोन्याचा.

तो गोळा सोनं घेणाऱ्या दुकानात गॅसच्या ज्योतीवर तापवतात. पारा ३५७ अंशांना उकळतो, धुराड्यातून बाहेर पडतो आणि गार हवेत लगेच वाफेचे थेंब होऊन पत्र्यांवर, बर्फावर बसतो. बंद भांड्यात तापवला तर तो परत हाती येतो. पण भांड्याला वेळ लागतो, आणि ज्योतीखाली आपला गोळा डोळ्यांसमोर राहतो. त्या दुकानांच्या दारात रेंगाळू नका. वितळवलेल्या बर्फाचं पाणी पिऊ नका, उकळून पारा जात नाही. बाटल्या हुलियाकाहूनच न्या.

तापवून निघालेलं सोनं शुद्ध नसतं. त्यात चांदी असते, थोडा पाराही उरतो, म्हणून दुकानदार पैसे कापूनच देतो.