विहिरीतला डिसेंबर

७ डिसेंबर

पहाटे साडेपाचला विहिरीवर गेलो. पाण्यावर वाफ होती. बाहेर अंगावर काटा आणि पाय सोडला तर पाणी कोमट. विहिरीचं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला राहतं, म्हणून हवा गार पडली की ते ऊबदार लागतं. कारण ठाऊक असूनही दर थंडीत पहिल्या दिवशी मी दचकतोच. ही ऊब फसवीच म्हणा. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. वीस मिनिटांत दात वाजायला लागले.

आण्णा मफलर गुंडाळून काठावर बसलेले. "काय रं, दर्या सोडून हिरीत बेडकागत काय करतोयस?"

उत्तर त्यांनाही माहीत आहे. स्कूबा, म्हणजे पाठीला हवेचा सिलेंडर लावून मारायची बुडी, म्हटलं की आम्हा कोल्हापूरकरांना मालवण-तारकर्ली. पावसाळ्यात तिथं सगळं बंद, ऑक्टोबर ते मे चालू. त्यातही पाणी सगळ्यात निवळ ते थंडीच्या महिन्यांत, आणि नेमका तेव्हाच आमचा गळीत हंगाम. मी कारखान्याच्या शेती विभागात. तोडणीच्या टोळ्या, उसाच्या गाड्या, वजनकाटा, स्लिपा. जूनमध्ये मी पुरता मोकळा होतो तेव्हा दर्या खवळलेला. थंड देशांतल्या डायव्हरना हिवाळा आडवा येतो म्हणतात, मला ऊस येतो.

१२ डिसेंबर

मावसभावाचा स्वीडनहून फोन. तिकडं तळी गोठायला लागलीत आणि हा गडी रविवारी पाण्यात उतरून आला. त्याच्या क्लबातले निम्मे लोक हिवाळाभर घरी बसतात म्हणे. कुणी गरम पाण्याच्या टँकमध्ये सराव करतं, कुणी सुट्टी काढून इजिप्तला जातं. हा मात्र ड्राय सूट चढवतो. आपला वेटसूट, म्हणजे निओप्रीनचा रबरी पोशाख, पाणी आत घेतो आणि अंगाच्या उष्णतेनं ते कोमट करून ठेवतो. ड्राय सूटमध्ये पाणी शिरतच नाही, आतून लोकरीचे कपडे घालायचे. तरी हात बधिर होतात ते होतातच.

"पण दादा, पाणी असं दिसतं की बस," म्हणाला. थंडीत शेवाळ मरतं, गढूळपणा जातो. बर्फाखालच्या तळ्यात सगळ्यात खाली पाणी ४ अंशांवर असतं, कारण त्या तापमानाला ते सगळ्यात जड होतं आणि तळाला बसतं. म्हणजे वर शून्य आणि खाली जरा 'ऊब'. आमच्या विहिरीचाच प्रकार, फक्त गोठलेला! रेग्युलेटरची, म्हणजे सिलेंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या यंत्राची, मात्र त्याला धास्ती. सिलेंडरमधली दाबाखालची हवा एकदम मोकळी झाली की गार पडते. पाणी आधीच तसं असेल तर आत बर्फ धरून झडप उघडीच राहते आणि हवा भसाभसा वाहत सुटते. त्याच्याकडं त्यासाठीचा वेगळा, बंदिस्त पहिला टप्पा, म्हणजे रेग्युलेटरचा सिलेंडरवर बसणारा भाग, आहे.

मी विचारलं, मग जातोस कशाला? म्हणाला, "तुझ्याकडं २७ अंशांचं पाणी आहे. तू का जात नाहीस?" मी उसाचं सांगितलं. तो हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१५ डिसेंबर

पाळी लवकर सुटली. कपाट उघडलं. वेटसूट रुंद हँगरवर आहे. घडी घातली की निओप्रीनला कायमची सुरकुती पडते आणि तिथली ऊब जाते. आमच्या मंडळींना ते कुणीतरी लटकल्यासारखं दिसतं, म्हणून त्यावर जुनी चादर घातलीय. आता तर आणखीच भयंकर दिसतं. घालून पाहिला. पोटावर चेन अडते. गुऱ्हाळावरची काकवी आणि भाकरी, दुसरं काय.

रेग्युलेटरचं दुखणं गेल्या मे महिन्यातलं. मालवणहून आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत टाकून ठेवला होता. पोराला तोंडाकडच्या भागावरचं मधलं बटण दिसलं आणि त्यानं ते पाण्यातच दाबलं. सिलेंडर जोडलेला नसताना ते दाबलं की पाणी नळीतून मागं, पहिल्या टप्प्यापर्यंत जातं. मी ओरडलो, पोर रडलं, आई माझ्यावर ओरडली. चूक माझी, बादली अंगणात ठेवायलाच नको होती. पुढं तो सर्व्हिसिंगला धाडावा लागला. आज नुसता हातात घेऊन बसलो. ओ-रिंगांना, म्हणजे सांध्यांतल्या रबरी कड्यांना, बोटाच्या टोकावर मावेल एवढं सिलिकॉन ग्रीस लावलं. गरज नव्हती.

१९ डिसेंबर

आण्णांनी आज पेचात पकडलं. "तूच सांगतोस, सिलेंडर लावल्यावर श्वास कधीच रोखायचा न्हाई. मग हितं श्वास रोखून काय शिकतोस?"

खरंच, स्कूबाच्या दृष्टीनं काहीच नाही. खालून वर येताना दाब कमी होतो, फुप्फुसातली हवा फुगते, म्हणून तिथं श्वास रोखणं म्हणजे जिवाशी खेळ. विहिरीत पायांना फिन्सची, म्हणजे रबरी वल्ह्यांची, सवय राहते आणि कान मोकळे करायचा सराव होतो, एवढंच. बाकी पाण्याखाली असल्याचं समाधान. पूर्वी एकटाच उतरायचो. भराभर खोल श्वास घेऊन बुडी मारायचो. मालवणच्या शिक्षकानं हे ऐकून झापलं होतं. तसं केल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची हाक येतच नाही आणि माणूस पाण्यात शुद्ध हरपतो. तेव्हापासून काठावर आण्णा. लहानपणी भोपळा बांधून याच विहिरीत त्यांनी मला ढकललं होतं, तेव्हा हिशेब बरोबरच आहे.

२४ डिसेंबर

साप्ताहिक सुट्टीला जाऊन येईन असा बेत मनात केला आणि मीच मोडला. राधानगरी, फोंडा घाट, कणकवली करत मालवण काही लांब नाही. अडचण परतीची. डायव्हनंतर अंगात नायट्रोजन मुरलेला असतो. लगेच उंचीवर गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि तो बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर पडू शकतो. विमानात बसण्याआधी एका डायव्हनंतर निदान १२ तास आणि जास्त डायव्ह असतील तर १८ तास थांबायला सांगतात. घाट चढून यायचं तर मीही तोच हिशेब धरतो. म्हणजे रात्र तिथं काढायची. दोन दिवस लागतात. कारखाना डिसेंबरात दोन दिवस देत नाही. मागितले होते. साहेबांनी गाड्यांच्या रांगेकडं बोट केलं.

३१ डिसेंबर

सकाळी मालवणहून शिक्षकाचा फोन. "पाणी निवळ आसा. किल्ल्यामागं तळ दिसता. तुमी कधी येतास?" मी काट्यावर उभा होतो. समोर ट्रॅक्टर, मागं बैलगाड्या, कानात ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीचा आवाज. पट्टा पडल्यावर, गळीत संपल्यावर, म्हणालो. मार्च तरी उजाडेल.

रात्री लॉगबुक, डायव्हची नोंदवही, काढलं. शेवटची नोंद २२ मेची. खाली लिहिलं:

विहीर. खोली साधारण ५ मीटर. पाणी ऊबदार, दिसतं हातभर. वेळ २० मिनिटं. जोडीदार: आण्णा, काठावर, चहासकट.

डायव्ह क्रमांकाची जागा कोरी ठेवली.