दारातला पाडवा

आज 25 मार्च 2020, पाडवा. आणि 21 दिवसांच्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. साखरेची माळ मिळाली नाही, आईनं गुढीपुढं वाटीत साखर ठेवली. अंबाबाईचं दर्शन बंद, महाद्वार रोड सुनासुना. असा पाडवा कधी बघितला नव्हता.

गेल्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा गल्लीच्या खालच्या अंगाच्या काकू पोराबाळांसकट आठवडाभर आमच्याकडं होत्या. एका पातेल्यातलं जेवलो, एकाच खोलीत झोपलो. आता त्यांचा लेक पुण्याहून आलाय, म्हणून 14 दिवस घराबाहेर पडायचं नाही. लोक त्यांच्या दारावरनं जाताना पावलं उचलतात, ते बघवत नाही. आईनं पोळ्यांचा डबा उंबऱ्यावर ठेवला, मागं सरली, मग हाक मारली. काकूंनी खिडकीतनंच हात जोडले. बराच वेळ कुणालाच बोलता आलं नाही.