आरवलीच्या वेतोबाच्या वहाणा

लहानपणी वेताळ म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर एकच चित्र यायचं, स्मशानातलं झाड, त्याला लटकलेलं प्रेत आणि ते खांद्यावर टाकून चालणारा विक्रम राजा. मावशीचं सासर सिंधुदुर्गातल्या शिरोड्याचं, ती सुट्टीत आली की "आमच्या शेजारच्या गावचा देव वेतोबा" असं, म्हणजे या वेताळाबद्दलच, इतक्या मायेने सांगायची की मला कळायचंच नाही, भुतांच्या राजाची एवढी माया कशी काय वाटते या लोकांना. यावेळी आईला घेऊन मुद्दाम त्याच्या गावी, आरवलीला गेले.

सावंतवाडी रोडला उतरलो, हे स्टेशन गावात नाही तर मळगावला आहे, तिथून रिक्षा करून शिरोड्याला पोचेपर्यंत चांगलाच अंधार पडला होता. मावशी बॅटरी घेऊन रस्त्यावर उभी. तिथून घरापर्यंत पाणंद, दोन्ही बाजूला जांभ्या दगडाचे गडगे, वर माडांच्या झावळ्या आणि आवाज फक्त रातकिड्यांचा. पाचोळ्यात काहीतरी सळसळलं, आई पटकन म्हणाली साप असेल, तर मावशी तिथेच थांबली. "रातचा नाव घेव नको गो ताय, जनावर म्हण." आणि मग माझ्याकडे वळून, "भिया नको, राखणदार आसा."

जेवणं झाल्यावर खळ्यात, म्हणजे अंगणात बसलो आणि मी तिला एकेक विचारत गेले. मला वाटलं होतं भुताच्या गोष्टी ऐकायला मिळतील, पण ती सांगत होती ते म्हणजे गावाचा नकाशाच होता. पिंपळावर मुंजा, म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या डोहाकडे गिरा, बुडून मेलेल्याचं भूत. वेशीवर देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, तो वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. चकवा लागला, म्हणजे फिरून फिरून त्याच जागी यायला लागलं, तर घाबरून पळायचं नाही, तिथेच बसायचं आणि राखणदाराला हाक मारायची असं ती म्हणाली. हडळीचं मात्र मला ऐकवेना. बाळंतपणात दहा दिवसांच्या आत गेलेली बाई हडळ होते म्हणतात, म्हणजे कुणाची तरी विशीतली लेक, दवाखाना नाही, वाहन नाही, तडफडून गेलेली, आणि वर पुढच्या पिढ्या तिलाच भिणार! या एका गोष्टीचा मला खूप राग येतो, अजूनही.

सापाचं मात्र याच्या उलट. सिंधुदुर्गात गावोगावी सातेरी देवी आहे आणि तिचं मूळ रूप म्हणजे वारूळ, ज्यात नाग राहतो म्हणतात ते. वारूळ फोडायचं नाही, देवराईत कोयता लावायचा नाही. ज्याची भीती वाटते त्याला मारून टाकायच्या ऐवजी त्याच्याशी नातं जोडून ठेवलंय इथल्या लोकांनी, आणि वर्षाला नारळ देऊन ते नातं सांभाळतात.

सकाळी आरवलीला गेलो, शिरोड्यापासून अगदीच जवळ. देवळात शिरलं की आधी दिसतात ते केळ्यांचे घड, वेतोबाला केळी आवडतात म्हणून नवस फेडायला पूर्ण घडच आणतात लोक. आणि मग समोर तो. ९ फुटांच्या आसपास उंच, उभा, धोतर नेसलेला, मिशा, हातात तलवार. आता मूर्ती पंचधातूची आहे, आधी फणसाच्या लाकडाची होती, त्यामुळे फणसाचं लाकूड या गावात घरकामाला वापरत नाहीत असं मावशीने सांगितलं. गोव्यात लोलये, आमोणे या गावांतही हाच देव बेताळ म्हणून पुजला जातो.

पण मी बघायला गेले होते त्या वहाणा. चामड्याच्या, जाड तळाच्या, इतक्या मोठ्या की माझी दोन्ही पावलं एकीत मावतील. वेतोबा रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, राखण करतो, म्हणून वहाणा झिजतात, म्हणून भक्त नवीन आणून वाहतात. मी खाली वाकून जुन्या जोडांकडे बघत बसले, टाचेकडचं चामडं गुळगुळीत झालेलं, कडेची शिवण उसवलेली. आमचे आजोबा शेतावरून आल्यावर दाराशी काढून ठेवायचे त्या चपला अशाच दिसायच्या, आणि मला एकदम भरून आलं.

तेवढ्यात मुंबईहून एक कुटुंब आलं, नवस फेडायला. मुलाला नोकरी लागली होती म्हणे. गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने घालायचं साकडं, सुरू झालं, परदेशात असलेल्या, मुंबईत असलेल्या, वाटेत असलेल्या सगळ्या लेकरांना सांभाळ म्हाराजा, आणि प्रत्येक वाक्याला आम्ही सगळे, ओळखीचे ना पाळखीचे, एका सुरात "व्हय म्हाराजा!" माझी आई पण, जी पहिल्यांदाच आली होती.

मग त्या वडिलांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा कोरा जोड काढला, चामड्याचा वास सुटला, त्यांनी दोन्ही वहाणा देवापुढे ठेवल्या, जरा मागे सरकून पाहिलं, आणि पुन्हा पुढे होऊन वाकून त्या सरळ केल्या, टाचा देवाकडे आणि तोंडं दाराकडे.