काखेतली काळी गाठ

हिस्टोपॅथॉलॉजीचा टेक्निशियन म्हटलं की लोक रक्त द्यायला हात पुढे करतात. आमच्याकडे रक्त येत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग फॉर्मेलिनच्या बरणीत येतो आणि काचेवरचा गुलाबी-जांभळा पापुद्रा होऊन आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या मायक्रोस्कोपखाली जातो. मधलं सगळं आमच्या हातचं, रिपोर्टवर सही मात्र डॉक्टरांची.

त्या दिवशी बरणीत डाव्या स्तनाचा कॅन्सर आणि काखेतली चरबी होती. चरबी बोटांनी चाचपत त्यातले नोड, म्हणजे लसिकाग्रंथी, शोधायच्या असतात. कंटाळवाणं काम, पण कॅन्सर कुठवर पोचलाय ते बरंचसं त्यावर ठरतं. चिरलेला नोड एरवी फिकट बदामी दिसतो, कॅन्सर भरलेला असेल तर पांढरट आणि कडक. हा आतून काळाकुट्ट निघाला.

"मार्जिनची शाई सुरीला लागली का रे?" मॅडमनी विचारलं. शंका रास्त होती. स्तनाच्या कडा ओळखू याव्यात म्हणून आम्हीच त्यांना बाहेरून काळी इंडिया इंक लावतो. पण नोड आम्ही शाईच्या आधी, वेगळ्या सुरीने कापतो आणि ही शिस्त मी कुणाला मोडू देत नाही. शिवाय शाई लागली तर ती वरून लागते. इथे वरचं आवरण स्वच्छ होतं आणि काळं आत.

फॉर्म काढला. हिस्टरीच्या रकान्यात 'लम्प लेफ्ट ब्रेस्ट' एवढंच. फॉर्म भरणं हे शिकाऊ डॉक्टरचं काम आणि तो ते जिन्यात उभ्या उभ्या उरकतो.

संध्याकाळी पेशंटचा मुलगा दारात उभा. अशोक चौकाकडचा, आई आयुष्यभर विड्या वळलेली. "सर, काळा कॅन्सर निघालाय म्हणलालेत, खरं का?" ऑपरेशनमध्ये आवरणातून गाठ काळसर दिसली आणि कुणीतरी पॅसेजमध्येच त्याला मेलॅनोमाचं, म्हणजे कातडीच्या काळ्या कॅन्सरचं, नाव सांगून टाकलं होतं. स्लाइडसुद्धा तयार नव्हती! नातेवाइकांशी रिपोर्टबद्दल बोलायचं नाही हा आमचा नियम, तो मी पाळला. पण उलट विचारायला कुणाची बंदी नाही.

"आईच्या हातावर गोंदलंय का?"

"होय की. डाव्या हातावर कोपरापर्यंत. लग्नाआधीचं. का हो सर?"

हातातल्या लसिकेचा, म्हणजे पेशींभोवतीच्या पातळ द्रवाचा, निचरा काखेतल्या नोडमध्येच होतो. सुईने आत घातलेला रंग कातडीतल्या भक्षक पेशी गिळतात. बराचसा तिथेच राहतो, थोडा लसिकेबरोबर काखेत जाऊन बसतो. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या अवाढव्य यंत्रावर, संशोधकांनी टॅटूच्या रंगाचे अतिसूक्ष्म कण माणसाच्या नोडमध्ये दाखवले, ते 2017 साली. मॅडमनी तो पेपर तेव्हाच आम्हाला दाखवला होता.

पण अंदाजावर रिपोर्ट जात नाही. मेलॅनोमा ओळखणाऱ्या मार्करच्या तपासण्या बाहेरगावी पाठवायच्या तर हजारोंचा खर्च आणि वर थांबणं. आमच्याकडे त्याआधी करायची स्वस्त परीक्षा आहे आणि ती मी जीव लावून करतो. सेक्शनमधलं, म्हणजे मेणात बसवून काढलेल्या पातळ कापातलं, मेण उतरवायचं, पोटॅशियम परमँगनेटमध्ये ठेवायचं, सगळं तपकिरी झालं की ऑक्झॅलिक अॅसिडने धुवायचं. मेलॅनिन, म्हणजे कातडीचा मूळचा काळा रंग, असेल तर तो विरंजन होऊन निघून जातो, गोंदणातल्या काजळीच्या कार्बनला ढिम्म काही होत नाही. परमँगनेट ताजंच करावं लागतं. शेजारी तुलनेसाठी, कंट्रोल म्हणून, कातडीवरच्या काळ्या तिळाची जुनी स्लाइड लावली. तिळातला रंग गेला. नोडमधलं काळं होतं तसंच.

मुलाला पॅसेजमध्ये घाबरवणाऱ्याला ती स्लाइड नेऊन दाखवावी असं फार वाटलं.

इथे केस संपायला हवी होती. पण त्या काळ्या नोडचे मॅडमनी आणखी खोल सेक्शन मागवले. काजळी इतकी दाट होती की तिच्याआड काय आहे ते दिसेना. तिसऱ्या लेव्हलला, आवरणाला लागून, पेशींचा एक पुंजका सापडला. स्तनाच्याच कॅन्सरचा, 2 मिलिमीटरहून लहान. बाकीचे सगळे नोड साफ. नोड बदामी असता तर इतके खोल सेक्शन कुणी मागवले असते का, हे मला अजून ठरवता येत नाही. गोंदणाने तो पुंजका लपवला होता की दाखवला?

आईला पुढे रेडिएशन लागलं. रोज मशीनखाली त्याच जागी झोपवता यावं म्हणून तिथे छातीवर शाईचे बारीक ठिपके गोंदतात, ते कायमचे राहतात. स्लाइड न्यायला आला तेव्हा मुलानेच सांगितलं, आणि आता हेही काखेत जाऊन गाठ होणार का, असं विचारलं. त्या ठिपक्यांनी कॅन्सरची गाठ होते असं आढळलेलं नाही, असं मॅडमनी त्याला बसवून समजावलं.

भीती चुकीच्या जागी असते लोकांची. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, गड्ड्याला, कुठल्याही टपरीत पोरं हात पुढे करतात. सुई नवी फोडली का, शाईची वाटी मघाच्याच गिऱ्हाइकाची का, कुणी विचारत नाही. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही सुईतून येतात. रक्तपेढीतला माझा मित्र ताजा टॅटू दिसला की रक्तदात्याला परत पाठवतो, मग पोरं त्याच्याशीच भांडतात.

मॅडमनी नंतर फॉर्मवर 'गोंदण/टॅटू : आहे/नाही, कुठे' असा रकाना छापून घेतला. कालच्या गठ्ठ्यातल्या एकाही फॉर्मवर तो भरलेला नव्हता. आता बरणी घेऊन येणाऱ्या नातेवाइकाला मीच विचारतो आणि पेन्सिलीने लिहितो.