चॅट्सवर्थची पागा, १:२०० : भिंती उभ्या, छत बाकी

डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ हाउसची ही पागा. वास्तुकार जेम्स पेन यांनी १७६०च्या सुमारास हाउसचे मालक, डेव्हनशायरचे चौथे ड्यूक (उमराव) यांच्यासाठी तिची रचना केली. मध्ये मोकळा चौक, भोवती दुमजली इमारत, बाहेरून चौरस, प्रत्येक बाजू साधारण ५८ मीटर. म्हणजे दोनशे पट लहान अशा या मॉडेलची बाजू २९० मिमी. मागची गाडीशाळा सहाव्या ड्यूकने १८३०च्या दशकात जोडली. मॉडेल पेनच्या काळाचं असल्याने ती घेतलेली नाही.

भिंतींना ३ मिमी सनबोर्ड (फोमसारखा हलका प्लास्टिकचा पत्रा). ४५ अंशांच्या कापाच्या भानगडीत पडू नये, सरळ जोड पुरतो: दोन भिंती २९० मिमी, दोन २८४. चारही २९०च्या कापल्या तर इमारत एका दिशेने २९६ भरते, आणि हे छत बसवताना लक्षात येतं. सनबोर्डवर फेविकॉल धरत नाही. फेविक्विक धरतं, पण सरकवायला वेळ देत नाही. म्हणून आधी गुण्या लावून टाचण्यांनी भिंत अडकवायची, मग सांध्यात थेंब सोडायचा.

दगडी थर आयव्हरी कार्डावर (जाड, गुळगुळीत कागदावर) बोथट सुईने ओढलेत. कार्ड ओल्या गोंदाने चिकटवलं की ते फुगतं, सुकताना आकसतं आणि भिंतीला बाक येतो. डबल साइड टेप वापरावी. कार्ड कोपऱ्यावरून वळवलं की सनबोर्डचा सांधाही झाकला जातो. घडीची रेघ बाहेरून, अर्ध्या जाडीपर्यंतच.

खरा वेळ प्रवेशद्वार खातं, आणि खाऊ द्यावा. बाजूच्या भिंतींवर फार कोरीवकाम केलं तर दाराचा रुबाब जातो. चार डोरिक (साध्या ग्रीक घाटाच्या) खांबांवर ओबडधोबड दगडी पट्टे आहेत. कागदाची १ मिमी पट्टी गोल काडीवर दोन वेढे गुंडाळायची, टोक भिंतीकडे. रंग पातळ द्यावा, नाहीतर पट्ट्यांमधल्या खाचा बुजतात. पिवळसर वाळूखडकासाठी पांढऱ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि जेमतेम रॉ अंबर (तपकिरी).

वर घराण्याचं भलंमोठं कोरीव चिन्ह आणि दोन पूर्णाकृती सांबरं. मूळ सांबरांना खरी शिंगं लावलेली आहेत! इथे सांबर खांद्याशी ६ मिमी. शिंगांना विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार पुरते.

आत ८० घोड्यांची सोय होती, वर धान्यकोठार आणि मोतद्दारांच्या खोल्या. ते दिसावं म्हणून एका बाजूचं छत सुटं ठेवणार आहे. ठाणांच्या आडभिंती ९ मिमी अंतरावर, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे सहा फूट.

छताआधी कोपऱ्यांतले बुटके मनोरे पूर्ण उंचीला न्यायचे, मग पाखी त्यांना टेकवायची. दारावरचा घड्याळमनोरा सगळ्यात शेवटी, कारण काम करताना हाताचा धक्का पहिला त्यालाच लागतो.