लिस्बनला न गेलेली फाईल

म्हापशात एका वकिलांकडे मी जुन्या पोर्तुगीज नोंदींची भाषांतरं करतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाचा जन्म लिस्बनला नोंदवला, की त्याला आणि पुढे मुलाबाळांना पोर्तुगीज पासपोर्टची वाट मोकळी होते. रोज दोन-चार फायली येतात. मला त्यात काही वाटेनासं झालं होतं.

त्या दिवशी पेडण्याकडचे एक काका आले, ऐंशीचे. सोबत मुलगा. मुलाला बायको-पोरांना घेऊन युरोपात जायचं होतं. त्याचा हक्क बापाकडून येणार, म्हणून आधी बापाचा जन्म तिकडे नोंदवायचा. आधारवर तारीख १ जून १९४८, म्हणजे शाळेत मास्तरांनी घातलेली. मूळ नोंदीत १९४५. नावातला 'श' त्या वेळच्या कारकुनाने पोर्तुगीज पद्धतीने एक्स अक्षराने लिहिलेला. असले घोळ नेहमीचेच, प्रतिज्ञापत्रावर निभावतात.

सही घेण्याआधी मी अर्जाचा अर्थ सांगितला. "काका, तुम्ही जन्मापासून पोर्तुगीज होता, एवढंच यात म्हणायचंय."

"पत्रादेवीला गोळ्या घातल्या तेव्हा मी दहा वर्षांचा होतो," ते म्हणाले.

१५ ऑगस्ट १९५५. गोवा मुक्तीसाठी सत्याग्रही हद्दीपलीकडच्या, भारतातल्या बांद्याच्या बाजूने पत्रादेवीला हद्द ओलांडून येत होते, हातात तिरंगा, शस्त्र कुणाकडेच नाही. पंजाबातला कर्नेलसिंग तिथेच पडला. काकांना आठवतं ते एवढंच, की वडिलांनी दार लावून आडणा घातला आणि आईने चूल विझवली. चूल का, ते त्यांना आजही सांगता येत नाही. पुढे भारताने नाकेबंदी केली. बटाटे हॉलंडहून येऊ लागले आणि चालत जाण्याच्या अंतरावर बांद्याला दिलेली आत्या सहा वर्षं दिसली नाही.

भाषणांत सरसकट 'साडेचारशे वर्षांची गुलामी' म्हणतात. पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं ते १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून. मी हे बोललो, आणि बोलून पस्तावलो. काकांना इतिहासाचा तास नको होता. त्यांना एकच विचारायचं होतं: भारताचं राज्य आल्यावर आम्ही भारतीय झालो ना, मग हे लिस्बनवाले अजून आम्हाला कसे धरतात?

सांगितलं. १९६२ च्या आदेशाने गोवेकर भारतीय नागरिक ठरले. ज्याला नको असेल त्याने महिन्याभरात तसं लिहून द्यायचं होतं. पोर्तुगालने मात्र गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं १९७४ च्या डिसेंबरात, तेही त्यांच्याकडची हुकूमशाही उलथल्यावर. आणि इथे जन्मलेल्यांचा हक्क त्यांच्या कायद्यात राहिला.

"म्हणजे माझ्या बापाला तेव्हा लिहून देता येत होतं?"

"येत होतं."

"त्याने दिलं नाही. आणि आता मी देऊ?"

मुलगा खिडकीबाहेर बघत होता. त्याचा मला राग आला नाही. दोन पोरांच्या फिया भरणाऱ्याला देशभक्ती शिकवणारा मी कोण? माझं पोट तर याच फायलींवर चालतं.

सही झाली नाही. महिन्याभराने मुलगा एकटाच आला, आईच्या बाजूने काही जमेल का विचारायला. आई बांद्याची. तिचा काही उपयोग नव्हता.

काका नंतर एकदा आले, फक्त जन्मनोंदीची झेरॉक्स मागायला. सगळं पान पोर्तुगीजमध्ये, खाली खबर देणाऱ्याची, म्हणजे त्यांच्या वडिलांची, मोडीतली सही. त्यांना मोडी येत नव्हती. मला थोडी येते. मी अक्षरं लावून दाखवली, त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. 'श'ला एक्स नव्हता.

"लॅमिनेशन कुठे करतात इथे?" त्यांनी विचारलं. मी बाजारातलं दुकान दाखवायला त्यांच्यासोबत खाली उतरलो.